मामाचं बघून भाचा अडखळत नाही

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, गेले आठ-नऊ महिने बोलताना अडखळतो. त्याचा मामा २७ वर्षांचा, शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. तोही लहानपणापासून असाच बोलतो. आजीचं म्हणणं, पोरगं मामाची नक्कल करतंय. म्हणून मामाला बजावलंय, भाच्याशी जास्त बोलत बसू नकोस. हे भीतीनं होतं की मेंदूत काही बिघाड असतो, एमआरआय काढावा का, आणि दोघांनाही काही उपचार आहे का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, बाकीचं सवडीनं वाचा, पण मामाचं बोलणं आजच सुरू करा. अडखळणं सर्दीसारखं लागत नाही आणि नक्कल करूनही येत नाही. तोतऱ्या पोराला चिडवायला त्याची नक्कल करणारे पुढं स्वतः तोतरे झाले असते, तर कोल्हापुरातल्या निम्म्या तालमी आज गप्प बसलेल्या दिसल्या असत्या. मामा-भाच्यात जे सारखं आहे ते रक्तातून आलंय, कानातून नाही. आणि तुमच्या माहेराकडून आलं म्हणून कुणी तुमच्याकडे बोट दाखवत असेल तर त्यालाही हे वाचून दाखवा. कुणी आपली जनुकं निवडून आणत नाही.

गेली २२ वर्षं मी कोल्हापुरात वाचा-उपचाराचं काम करते. माझ्याकडे येणारे कितीतरी पालक “पोरगं बोबडं बोलतंय” असं म्हणत येतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणणारं मूल बोबडं. त्याला अजून र जमत नाही. तोतऱ्या मुलाला र चांगला येतो, फक्त हव्या त्या क्षणी येत नाही. मग ‘शा-शा-शा-शाळा’ होतं, किंवा ‘श्श्श्शाळा’ असं लांबतं, नाहीतर तोंड उघडतं, गळा आवळला जातो आणि आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार ऐकणाऱ्याला कमी जाणवतो, पण बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो. काय बोलायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मधेच त्याचा शब्द पुरा करून देणारा माणूस त्याला मदत करत नसतो, त्याच्या हातातलं काढून घेत असतो.

आता मेंदूकडे येते. आपण सहज बोलतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा अक्षरं तोंडातून जातात. श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ, जबडा या सगळ्यांना आपापल्या वेळेला ‘आता’ असा इशारा मिळावा लागतो. लेझीमचा ताफा डोळ्यांपुढं आणा. पोरं तयार आहेत, पावलं पाठ आहेत, पण हलगीवाल्याचा ठेका एकदा उशिरा पडला, एकदा पडलाच नाही, तर रांग अडखळणारच. बघणारा म्हणेल पोरांना नाचता येत नाही. पाय मात्र सगळ्यांचे धड असतात.

मेंदूत या हलगीवाल्याचं काम बरंचसं खोलवरच्या केंद्रांचा एक समूह करतो. त्याला बेसल गँग्लिया म्हणतात. पाठ झालेल्या हालचालींची पुढची पायरी कधी सुरू करायची, याचा इशारा तिथून मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातो. २०२४ मध्ये फिनलंड आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी पक्षाघातानंतर अडखळू लागलेल्या लोकांच्या मेंदूतल्या इजा तपासल्या. इजा वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण त्यांच्या जोडण्या शोधत गेल्यावर त्या एकाच जाळ्यात मिळाल्या. त्या जाळ्याच्या मध्याशी होता डावा प्युटामेन, म्हणजे याच समूहातला एक भाग. लहानपणापासून अडखळणाऱ्यांच्या मेंदूतही त्याच जाळ्यात फरक दिसले.

दुसरी गोष्ट तारांची. डाव्या मेंदूच्या पुढच्या बाजूला बोलण्याची आखणी करणारा भाग आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी तो १८६१ मध्ये दाखवून दिला आणि आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. त्याच्यामागं तोंड-जीभ-गळा हलवणारा पट्टा, आणि बाजूला आपलंच बोलणं ऐकून तपासणारा भाग. यांना जोडणारे पांढरे तंतू असतात. २००२ मध्ये जर्मनीतले मार्टिन सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की अडखळणाऱ्या मोठ्या माणसांत डावीकडचे हे तंतू नेमके बोलण्याच्या पट्ट्याखाली नीट बांधलेले नसतात. पुढं लहान मुलांतही तसेच फरक सापडले. त्यामुळं वर्षानुवर्षं अडखळल्यामुळं मेंदू तसा झाला, एवढंच म्हणून भागत नाही.

उजव्या मेंदूची कथा वेगळी. अडखळणाऱ्या माणसाच्या मेंदूचं बोलतानाचं चित्रण केलं की उजवी बाजू गरजेपेक्षा जास्त पेटलेली दिसते. १९९६ मध्ये पीटर फॉक्स यांच्या अमेरिकेतल्या गटानं हे दाखवलं, आणि त्याच लोकांना दुसऱ्याबरोबर एकसुरात वाचायला लावल्यावर हा जादा उजेड बराच उतरला. उजवी बाजू डावीची उणीव भरून काढायला धावते, असा एक अर्थ. हालचालीला ‘थांब’ म्हणणारी यंत्रणाही उजवीकडेच आहे आणि ती फार लवकर ब्रेक दाबते, असा दुसरा. मला दोन्ही पटतात. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा गळा आवळतो तेव्हा तो ब्रेक मला अक्षरशः दिसतो.

याचा पुरावा घरातच बघा. तुमचा भाऊ आरतीत अडखळतो का? नाही अडखळणार. अंबाबाईच्या देवळात शंभर जणांच्या सुरात त्याचा सूर मिसळला की बाहेरून ठेका मिळतो, आणि मग आतल्या हलगीवाल्यावर भिस्त राहत नाही. गाताना, कुजबुजताना, घड्याळाच्या टिकटिकीवर बोलताना बहुतेकांची जीभ सरळ चालते. माझ्याकडे एकजण गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन येणारा होता. म्हशीशी अख्खा दिवस बोलायचा, एकदाही अडकायचा नाही. गिऱ्हाईकानं भाव विचारला की तत-पप. घरचे म्हणायचे, “म्हणजे येतंय त्याला, नाटकं करतोय.” नाटक नव्हतं ते. म्हैस उत्तराची वाट बघत डोळे रोखून उभी राहत नाही.

म्हणजे भीतीचा हात आहेच, पण नंतरचा. घाई, अनोळखी माणूस, फोन यांनी अडखळणं वाढतं. मुळात ते भीतीनं सुरू होत नाही. भित्री मुलं ढिगानं असतात, त्यातली बहुतेक सरळ बोलतात. उलट, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३९ मध्ये वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. चांगल्या बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम “तू अडखळतोस” असं सांगत राहिले. ती खरी तोतरी झाली नाहीत, पण बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठानं २००१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. टोमण्यानं तोतरेपणा जन्माला येत नाही, पण माणसाचं तोंड मात्र मिटतं.

रक्तातून येतं म्हणजे काय, तेही सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डेनिस ड्रेना यांच्या गटाला पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून २०१० मध्ये पहिली ठोस जनुकं सापडली. गंमत म्हणजे ती भाषेची वगैरे नव्हती. पेशीतला कचरा उचलण्याच्या कामाशी जोडलेली होती. तोच बदल उंदरांत केल्यावर पिल्लांच्या चिवचिवाटात लांब खंड पडू लागले. २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून अशा ५७ जनुकीय जागा पुढं आल्या. म्हणजे तोतरेपणाचं एकच जनुक नाही. पुष्कळ जागांचा थोडाथोडा भार मिळून कल ठरतो. तपासून घ्यावी अशी रक्ताची चाचणी यातून निघालेली नाही, तेव्हा कुणी लॅबवाला मागे लागला तर पैसे वाचवा.

एमआरआयचंही तेच. वर सांगितलेले फरक शंभर जणांची सरासरी काढल्यावर दिसतात. एका मुलाची फिल्म बघून “हा अडखळणार” असं कुणी सांगू शकत नाही. त्यात साडेचार वर्षांच्या पोराला त्या बोगद्यात निजवायचं म्हणजे बहुधा गुंगी द्यावी लागते. नको. एमआरआय लागतो तो वेगळ्या माणसाला: चाळिशी-पन्नाशीपर्यंत सरळ बोलणारा माणूस एकाएकी अडखळू लागला, डोक्याला मार लागल्यावर किंवा नवी गोळी सुरू केल्यावर बोलणं बदललं, तोंड वाकडं झालं, हात जड पडला. तिथं वाचा-उपचार नंतर. आधी तडक हॉस्पिटल गाठायचं.

जिभेखालचा धागा कापायला सांगणारेही भेटतील. बर्लिनचे सर्जन डिफेनबाख यांनी १८४१ मध्ये तोतरेपणावर चक्क जिभेच्या मुळाशी छेद घेतले होते. रक्तस्राव झाला, उपयोग शून्य. जीभ हा लेझीमवाला आहे, हलगीवाला नाही. वेखंड-मध चाटवणं, तोंडात गोट्या ठेवून वाचायला लावणं याही त्याच जातीतल्या गोष्टी. गोट्यांनी तर घशात अडकून जीव जायचा. आणि इंग्रजी माध्यमामुळं झालं म्हणून घरी मराठी बंद करू नका. दोन भाषांनी तोतरेपणा येत नाही.

आता तुमच्या मुलाचं. अडखळणं बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, वाक्यं लांब व्हायला लागतात तेव्हा. साधारण शंभरातल्या पाच-आठ मुलांना ते होतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं, चारातल्या तिघांच्या आसपास, पुढं सुटतं. मोठ्यांत उरतात शंभरात एक. मुलींचं जास्त सुटतं, म्हणून मोठेपणी चार पुरुषांमागं एक बाई असं प्रमाण दिसतं.

हे आकडे ऐकून वाटतं, मग थांबूया की. मीही सुरुवातीच्या वर्षांत एका आईला हेच सांगितलं होतं, “सुटेल आपोआप, काळजी करू नका.” मुलगा साडेतीन वर्षांचा होता, वडील तोतरे. ती माऊली माझ्या शब्दावर विश्वासून थांबली आणि पाच वर्षांनी त्याला घेऊन परत आली. तोवर तो वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायला शिकला होता, आणि बाई त्याला उद्धट समजत होत्या. तेव्हापासून मी चार गोष्टी बघते: मुलगा आहे का, घरात कुणाला मोठेपणीही आहे का, सहा महिने उलटले का, आणि बोलताना तोंड-मान ताणली जाते का. तुमच्याकडे पहिल्या तीन आहेतच. थांबू नका.

या वयाला सगळ्यात जास्त अभ्यासलेला उपचार लिडकोंब पद्धतीचा. सिडनीच्या त्या नावाच्या उपनगरात मार्क ऑन्सलो आणि सहकाऱ्यांनी तो बसवला. यात उपचार आई-बाप करतात, मी आठवड्याला एकदा त्यांना शिकवते. रोज दहा-पंधरा मिनिटं खेळता खेळता असं बोलायचं की मुलाची छोटी वाक्यं सरळ निघतील, आणि निघाली की लगेच सांगायचं, “आत्ता कसं छान सुळकन आलं!” अशा पाच-सहा शाबासक्यांनंतर कधीतरी एकदा, तेही हसत, “हा शब्द जरा अडकला, परत म्हणूया?” हे प्रमाण उलटं झालं की सगळं बिघडतं, म्हणून हे वाचून लगेच घरी सुरू करू नका; माझ्यासमोर एकदा करून दाखवा. रोज रात्री ० ते ९ मधला एक आकडा कॅलेंडरवर लिहायचा: ० म्हणजे अजिबात अडखळलं नाही. न्यूझीलंडमधल्या ५४ मुलांवरच्या चाचणीचे निकाल २००५ मध्ये आले. नऊ महिन्यांनी उपचार घेणाऱ्यांचं अडखळणं १.५ टक्के अक्षरांवर होतं, हा उपचार न मिळालेल्या दुसऱ्या गटाचं ३.९ टक्क्यांवर.

दुसरी पद्धत मुलावरचा भार हलका करण्याची. घरातला बोलण्याचा वेग उतरवायचा, प्रश्नांची सरबत्ती थांबवायची, एका वेळी एकानं बोलायचं. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या, तेव्हा दीड वर्षानं दोन्हीकडे ७० टक्क्यांहून जास्त मुलं अडखळेनाशी झाली होती. मी घर बघून ठरवते. ज्या घरात जेवताना पाच माणसं एकदम बोलतात, आणि आपल्याकडे बोलतातच, तिथं दुसरी आधी. “सावकाश बोल”, “श्वास घे”, “आधी विचार कर” हे तिन्ही बंद. तुम्हीच सावकाश बोला; त्याला सांगायची गरज उरत नाही.

मामाचं गणित वेगळं. २७ व्या वर्षी मेंदूतले रस्ते पक्के झालेले असतात. अडखळणं मुळासकट जाईल असं मी त्याला सांगणार नाही, आणि ‘पंधरा दिवसांत गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे त्याला पाठवू नका. अशा शिबिरांतून माणूस पंधरा दिवसांनी फर्डा होऊन येतो आणि तीन महिन्यांनी जुन्याहून जास्त खचून माझ्या दारात उभा राहतो. उपचार करणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, तेवढं विचारा. म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली, ती वाचा-उपचाराचं शिक्षण देते; मुंबईत अली यावर जंग संस्था आहे.

मामाला करता येण्यासारखं मात्र भरपूर आहे. एक रस्ता बोलण्याची घडण बदलण्याचा: आवाज हळुवार सुरू करायचा, ओठ-जीभ अलगद टेकवायची, स्वर थोडे ताणायचे. चालतं, पण किंमत आहे. एका पोराला मी हे इतकं घोटून घेतलं की तो म्हणाला, “मॅडम, आता मी रोबोटागत बोलतोय. त्यापरास अडखळलेलं बरं.” बरोबर होतं त्याचं.

दुसरा रस्ता चार्ल्स व्हॅन रायपर या स्वतः अडखळणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांचा: अडखळायचं, पण झुंज न देता. शब्दात अडकलात तर पळू नका, तिथंच थांबून ताण सैल करा आणि शब्दातून सरकत बाहेर या. हे शिकायच्या आधी लपवाछपवी सोडावी लागते, आणि अडखळणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य तिच्यातच गेलेलं असतं. केएमटीच्या बसमध्ये कंडक्टरला ‘रंकाळा’ म्हणता येत नाही म्हणून पुढच्या स्टॉपचं तिकीट काढून मागं चालत येणारा माणूस मला माहीत आहे. हॉटेलात तांबडा हवा असताना जमतो तो शब्द म्हणून वर्षानुवर्षं पांढराच मागवणाराही. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. म्हणून बहुतेकजण नावावरच अडकतात, आणि समोरचा हसून म्हणतो, “नाव विसरलास व्हय?”

म्हणून मी माणसाला क्लिनिकच्या बाहेर काढते. एकदा असाच एकजण, तोही कारखान्यात काम करणारा, त्याला घेऊन मार्केट यार्डात गेले. काम एवढंच: मुद्दाम अडखळून गुळाचा भाव विचारायचा. पहिल्या दुकानासमोर तो दहा मिनिटं नुसता उभा. कॉलर घामानं भिजली. मग मीच पुढं होऊन विचारलं, “गु-गु-गु-गुळाचा काय दर?” व्यापाऱ्यानं वर न बघता भाव सांगितला. दुसऱ्या दुकानात त्यानं विचारलं. मुद्दाम अडखळायला गेला आणि खराखुरा अडकला, चांगले सात-आठ सेकंद. व्यापारी ढेपेला बोट लावून म्हणाला, “किती पायजे? अर्धी देऊ का?” बस्. पाचव्या दुकानापर्यंत तो गुळाच्या प्रतीवर वाद घालत होता. अडखळत होता, पण घालत होता. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तीन किलो गूळ घरी नेला.

मनात लोकांची धास्ती फार बसली असेल तर मानसशास्त्रज्ञाची मदत जोडीला घ्यावी. माझ्या अनुभवात त्यानं फोन उचलण्याचं प्रमाण आधी वाढतं, बोलणं नंतर सुधारतं. आपलाच आवाज क्षणभर उशिरा कानात ऐकवणारी ॲप्स आहेत, काहींना आधार देतात, पण सवय झाली की बऱ्याचदा असर उतरतो. औषधांचं म्हणाल तर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा असर कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी अडखळणं थोडं कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. मात्र वजन वाढणं, सुस्ती, अंग कडक होणं हा त्रास आहे आणि तोतरेपणासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही एकाही गोळीला मंजुरी दिलेली नाही. मेंदूला बाहेरून सौम्य वीज देण्याचा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये ३० पुरुषांवर झाला, त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. पाच दिवस, रोज २० मिनिटं, सोबत एकसुरात वाचण्याचा सराव. फरक दिसला. ते अजून प्रयोगशाळेतच आहे. इथं कुणी मशीन लावून पैसे मागत असेल तर उठून या.

पहिल्या भेटीला येताना फाइल नको, मोबाइलवर दहा मिनिटांचं चित्रण आणा. मुलगा घरी खेळताना, त्याला न कळता काढलेलं. माझ्यासमोर ही पोरं हटकून सरळ बोलतात आणि आई खोटी पडते. चित्रणात मामा त्याच्याशी खेळत असला तर फार चांगलं. आणि शनिवारची वेळ घ्या. त्या दिवशी मामाला कारखान्यातून अर्धा दिवस मिळाला तर त्यालाही घेऊन या.